यादी घराची की मतदाराची?

ब्रिटनमध्ये २०१४च्या उन्हाळ्यापर्यंत मतदार यादीत नावे घालायचे काम प्रत्येक घरातला कुणीतरी एक जण करत असे. दर वर्षी पावसाळी शरदात कौन्सिलचा छापील फॉर्म टपालाने यायचा. गेल्या वर्षीची नावे त्यावर आधीच छापलेली असायची. घर सोडून गेलेल्यांवर काट मारायची, नव्याने आलेल्यांची भर घालायची, खाली सही करायची आणि फॉर्म परत पाठवायचा. घरात पाच मतदार असले तरी सही एकाचीच. ओळखीचा पुरावा कुणी मागत नसे. बाकीच्या चौघांची नावे घातली की राहिली, हे त्या चौघांना मतदानाच्या दिवशीच कळण्याची शक्यता असे.

ही पद्धत मोडून ब्रिटनने व्यक्तिगत नोंदणी आणली. ज्याचे मत, त्याचाच अर्ज. हा बदल योग्यच होता. प्रौढ माणसाचा मताधिकार वडिलांच्या, नवऱ्याच्या किंवा घरमालकाच्या सहीवर टांगलेला असणे कुठल्याही लोकशाहीत शोभत नाही. पण बदल ज्या क्रमाने आणि ज्या घाईने झाला त्यात एक मोठी गफलत राहिली, आणि ती निस्तरायला तो देश आता दहा-अकरा वर्षे झगडतो आहे. यादीतली चुकीची नावे काढण्यावर जेवढे लक्ष दिले गेले, तेवढे राहून गेलेली नावे घालण्यावर दिले गेले नाही. चुकीच्या नावावर बोट ठेवता येते, हरकत घेता येते, खटला भरता येतो. जे नाव यादीत नाहीच, त्याच्यासाठी हरकत कोण घेणार?

मतदार याद्या ब्रिटनमध्ये सुरू झाल्या त्या १८३२च्या सुधारणा कायद्याने. तेव्हा नोंदणीला एक शिलिंग फी होती आणि याद्या तपासायला वकिलांची न्यायासने बसत. तिथे दोन्ही पक्षांचे दलाल विरोधकांच्या मतदारांवर थोक हरकती घेत. ज्याला हजर राहून हक्क सिद्ध करता आला नाही त्याचे नाव गेले. रॉबर्ट पील यांच्यासारख्या नेत्याने आपल्या अनुयायांना सभांपेक्षा नोंदणीकडे लक्ष द्यायला सांगितले होते, ते उगीच नव्हे. पुढे १९१८च्या कायद्याने मताधिकार एकदम विस्तारला आणि घरोघर चौकशी करून याद्या करण्याचे काम स्थानिक प्रशासनाकडे आले. माणसे एकाच गावात, एकाच घरात वर्षानुवर्षे राहत होती तोवर घरागणिक फॉर्मची ही पद्धत चालून गेली. स्वस्त होती, आणि आईने फॉर्म भरताना अठरा वर्षांच्या मुलाचे नावही आपसूक घातले जाई. या पद्धतीचा हा गुण गमावणे नंतर फार महाग पडले, त्याकडे पुढे येऊ.

तडा गेला तो टपाली मतदानामुळे. २००१पासून कारण न देता कुणालाही टपालाने मत देता येऊ लागले. आता यादीत खोटे नाव घुसवले तर त्या नावाने मतदान केंद्रावर तोतया उभा करण्याची गरज उरली नाही. मतपत्रिका थेट घरपोच. बर्मिंगहॅममध्ये २००४च्या स्थानिक निवडणुकीत दोन प्रभागांमध्ये टपाली मतांचा मोठा घोटाळा झाला. निवडणूक खटला ऐकायला आयुक्त म्हणून बसलेले रिचर्ड मॉरी यांनी २००५च्या एप्रिलमध्ये तिथले निकाल रद्द केले आणि सगळ्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. स्लाऊचे प्रकरण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. तिथल्या एका प्रभागात २००७च्या निवडणुकीआधी, त्या पत्त्यांवर राहतच नसलेल्या माणसांची नावे यादीत घातली गेली आणि त्यांच्या नावे टपाली मते पडली. बर्मिंगहॅमचा गुन्हा मतपत्रिकांचा होता, स्लाऊचा यादीचा. नावे घालणाऱ्याकडे कुणी पुरावा मागितलाच नव्हता, आणि कायद्याने तो मागायची सोयही नव्हती.

ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने व्यक्तिगत नोंदणीची शिफारस २००३मध्येच केली होती. त्याआधीच उत्तर आयर्लंडने हा रस्ता धरला होता. तोतया मतदानाच्या जुन्या तक्रारींमुळे तिथे २००२मध्ये स्वतंत्र कायदा झाला. प्रत्येकाने स्वतः अर्ज करायचा, त्यात जन्मतारीख, सही आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विमा) क्रमांक द्यायचा. नव्या पद्धतीची पहिली यादी त्याच वर्षी डिसेंबरात लागली, तेव्हा नावे सुमारे दहा टक्क्यांनी घटली होती. गेलेल्यांत खोटी किती आणि खरी किती यावर बराच वाद झाला. नावे पुढेही घसरत राहिली, कारण दर वर्षी प्रत्येकाने पुन्हा अर्ज भरायचा होता. त्यावर उपाय म्हणून २००६मध्ये वार्षिक पडताळणीच काढून टाकली. एकदा नोंदले की नाव राहील, आणि बदल झाल्यास मतदार स्वतः कळवेल, असे गृहीत धरले गेले. मतदारांनी कळवले नाही. २०१२च्या तपासणीत आढळले की मतदानास पात्र असलेल्यांपैकी ७१ टक्केच लोक यादीत योग्य पत्त्यावर होते, आणि यादीतल्या नोंदींपैकी ७८ टक्केच बरोबर होत्या. २०१३मध्ये पुन्हा घरोघर चौकशी केल्यावर यादी सावरली.

हे दोन आकडे वेगळे आहेत आणि सगळ्या चर्चेत ते एकमेकांत मिसळले जातात, म्हणून इथे थोडे थांबतो. पहिला पूर्णतेचा: हक्क असलेल्या शंभरांपैकी किती जण यादीत आहेत? दुसरा अचूकतेचा: यादीतल्या शंभर नोंदींपैकी किती खऱ्या आहेत? मयत, स्थलांतरित, दुबार नावे काढली की अचूकता वाढते. पूर्णता मात्र तसूभरही वाढत नाही, आणि काढताना हात चुकला तर उलट घटते. नोंदणीचा भार मतदारावर टाकणाऱ्या पद्धतीत हे दोन आकडे एकमेकांविरुद्ध खेचले जातात. दारावर जाऊन विचारणारी किंवा सरकारी दप्तरातून स्वतः शोधणारी पद्धत असली तरच दोन्ही एकत्र वर जातात. उत्तर आयर्लंडच्या अनुभवातून हा धडा २०१२मध्येच मिळालेला होता.

बाकीच्या ब्रिटनसाठी मजूर पक्षाच्या सरकारने २००९मध्ये टप्प्याटप्प्याने जाणारा कायदा केला. त्यानंतरच्या आघाडी सरकारने तो वेग अपुरा मानून २०१३मध्ये नवा कायदा आणला. १० जून २०१४ला इंग्लंड आणि वेल्समध्ये व्यक्तिगत नोंदणी सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये १९ सप्टेंबरला, म्हणजे स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या दुसऱ्या दिवशी. सार्वमताच्या तोंडावर यादीला हात न लावण्याचे हे शहाणपण उल्लेखनीय आहे.

सुरुवातही विचारपूर्वक झाली, हे मान्य केले पाहिजे. सगळ्यांना नव्याने अर्ज करायला लावले असते तर उत्तर आयर्लंडची घसरण अनेक पटींनी झाली असती. त्याऐवजी जुन्या याद्यांतली नावे आणि पत्ते, निवृत्तिवेतन आणि भत्ते देणाऱ्या खात्याच्या दप्तराशी ताडून पाहिली. जुळणीचे तीन रंग ठरले होते: हिरवा, पिवळसर, लाल. हिरव्या नोंदी आपोआप नव्या यादीत गेल्या. त्या मतदारांना काहीच करावे लागले नाही. असे सुमारे ८७ टक्के लोक होते. सरकारी दप्तर नीट वापरले तर कोट्यवधी लोकांचे काम एकही फॉर्म न भरता होते, याचा हा सज्जड पुरावा होता. त्यातून पुढचा निष्कर्ष काढायला मात्र दहा वर्षे लागली.

प्रश्न उरला तो न जुळलेल्यांचा. त्यांची नावे काही काळ तशीच पुढे न्यायची, तोवर पत्रे पाठवायची, दारावर माणूस पाठवायचा, आणि डिसेंबर २०१६ला उरलेली नावे काढायची, असे ठरले होते. मे २०१५मध्ये अशा नोंदी १९ लाखांच्या घरात होत्या. निवडणूक आयोगाने मुदत पूर्ण चालू द्यावी असे सुचवले होते. नव्या सरकारने ती एक वर्ष अलीकडे, डिसेंबर २०१५वर आणली. त्या दिवशी सुमारे ७ लाख ७० हजार नोंदी गळाल्या. त्यांतल्या पुष्कळशा खरोखरच शिळ्या असणार. घर बदलून गेलेल्यांच्या, वारलेल्यांच्या. पण घाईचे कारण काय? ब्रिटनमध्ये लोकसभेसारख्या कनिष्ठ सभागृहाचे मतदारसंघ लोकसंख्येवर नव्हे, नोंदलेल्या मतदारांच्या संख्येवर आखले जातात, आणि नव्या पुनर्रचनेसाठी १ डिसेंबर २०१५ची यादी धरायची होती. म्हणजे लंडनच्या भाड्याच्या खोल्यांतून जी नावे गळाली त्यांच्याबरोबर त्या वस्त्यांचे प्रतिनिधित्वही कमी होणार होते. आणि पुढच्या सहा महिन्यांत काय झाले? युरोपीय संघाच्या सार्वमतासाठी लोकांनी धडाधड अर्ज केले आणि यादी जवळजवळ वीस लाखांनी फुगली. पुनर्रचनेच्या हिशोबात त्या नावांना जागा नव्हती. ती पुनर्रचना अखेर अमलात आलीच नाही, हा निव्वळ राजकारणाचा योगायोग. नंतरच्या पुनर्रचनेसाठी मार्च २०२०ची यादी वापरली गेली. आधार पुन्हा यादीचाच.

यादीबाहेर कोण राहते ते आता आकड्यांनिशी माहीत आहे. निवडणूक आयोगाच्या २०२२च्या पाहणीत ग्रेट ब्रिटनमधली पूर्णता ८६ टक्के आणि अचूकता ८८ टक्के भरली. घराचे कर्ज फेडून झालेल्या मालकांपैकी ९५ टक्के यादीत, खासगी भाडेकरूंपैकी ६५ टक्के. आहे त्या पत्त्यावर वर्षभरही न झालेल्यांपैकी जेमतेम ३९ टक्के. पन्नाशी-साठी पार केलेला, स्वतःच्या घरात राहणारा माणूस यादीत असतोच. सहा-सहा महिन्यांनी खोली बदलणारा तरुण कामगार नसतो. यात आळसाचा प्रश्न फार थोडा आहे. खोली बदलली की वीज, बँक, नोकरी, डॉक्टर अशा सगळ्यांना पत्ता कळवावा लागतो, कारण न कळवल्यास लगेच अडते. मतदार यादीचे अडते ते दोन-तीन वर्षांनी, आणि तेव्हा मुदत संपलेली असते.

सर्वांत मोठा फटका बसला तो नुकत्याच मोठ्या होणाऱ्या मुलांना. मतदानाचे वय जवळ आलेल्या तरुणांच्या नोंदी २०१४च्या सुरुवातीपासून २०१५च्या डिसेंबरपर्यंत सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. पूर्वी आई त्यांची नावे घालत असे. आता ज्यांना नॅशनल इन्शुरन्स क्रमांक म्हणजे काय हेही धड ठाऊक नाही त्यांनी तो शोधून स्वतः अर्ज करायचा होता. वसतिगृहांचेही तेच. पूर्वी विद्यापीठ वसतिगृहाची यादी एका गठ्ठ्याने कौन्सिलकडे देई. ते बंद झाले. यावर शेफील्ड विद्यापीठाने काढलेला मार्ग इतका साधा आहे की तो कायद्यातच का घातला नव्हता असे वाटते: प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरतानाच मतदार नोंदणीचा प्रश्न विचारायचा आणि होकार देणाऱ्यांची माहिती कौन्सिलकडे पाठवायची. २०१७च्या उच्च शिक्षणविषयक कायद्यात विद्यापीठांनी नोंदणीला सहकार्य करावे अशी तरतूद आली. उत्तर आयर्लंडमध्ये निवडणूक कार्यालयाचे लोक शाळांमध्ये जाऊन मुलांची नोंदणी करत, तोही अनुभव चांगला होता. तात्पर्य एवढेच की जिथे माणूस आधीच रांगेत उभा आहे तिथे जाऊन नोंदणी केली तर ती होते.

मराठी वाचकाचा या यादीशी थेट संबंध आहे, आणि तो अनेकांना माहीत नसतो. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असतील तर त्यांना तिथे सर्व निवडणुकांत मत देता येते. पुण्याहून लीड्सला एम.एस्सी.ला गेलेल्या मुलीला, नाशिकहून मँचेस्टरच्या रुग्णालयात गेलेल्या परिचारिकेला भारतीय पासपोर्टवरच ब्रिटिश पंतप्रधान कोणत्या पक्षाचा असावा यावर मत नोंदवता येते. मायदेशात मत द्यायला मात्र तिला विमानाने यावे लागते; परदेशस्थ भारतीयांची नोंदणी २०११पासून खुली आहे, पण मतदान प्रत्यक्ष केंद्रावरच.

आता या मुलीचा अर्ज जवळून पाहू. संकेतस्थळावर नागरिकत्व, नाव, जन्मतारीख, पत्ता, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक भरायचा. पाचेक मिनिटांचे काम. अर्ज कौन्सिलच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो आणि नाव, जन्मतारीख व क्रमांक सरकारी दप्तराशी ताडले जातात. तिच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव जोडलेले. नोकरीच्या कागदांवर ते गाळलेले. लग्न झाले असेल तर तिसरेच आडनाव. शिवाय नुकतीच आल्यामुळे तिला क्रमांक मिळालेलाच नसेल. जुळणी झाली नाही तर अर्ज फेटाळत नाहीत. पासपोर्टसारखी कागदपत्रे मागवतात, आणि तीही पुरेशी नसतील तर दुसऱ्या मतदाराची साक्ष चालते. पण कागदपत्रे मागणारे पत्र येते त्या पत्त्यावर. तोवर तिने खोली बदलली असेल तर पत्र जिन्याखालच्या ढिगात पडून राहते. कायद्यात कुणीही तिला अडवलेले नसते, आणि तरी ती यादीत नसते. तिथल्या मराठी मंडळांनी गणपतीच्या कार्यक्रमात एक टेबल नोंदणीसाठी मांडले तर अशी किती तरी नावे मार्गी लागतील.

ऑनलाइन अर्ज हा या बदलाचा खरा लाभ, आणि त्यातच एक विचित्र उणीव आहे. ब्रिटनमध्ये देशभराची एक मतदार यादी नाही. साडेतीनशेहून अधिक नोंदणी अधिकारी आपापल्या याद्या सांभाळतात. त्यामुळे ‘माझे नाव आहे का?’ हे राष्ट्रीय संकेतस्थळावर पाहण्याची सोय नाही. परिणाम असा, की निवडणूक जाहीर झाली की काळजीपोटी आधीच नोंदलेले लोक पुन्हा अर्ज करतात. २०१६च्या सार्वमताआधी आलेल्या अर्जांत अशा दुबार अर्जांचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही जास्त होते. ७ जूनच्या रात्री, मुदत संपायला काही तास असताना, संकेतस्थळ कोलमडले आणि सरकारला घाईने कायदा करून मुदत दोन दिवस वाढवावी लागली. आपल्याकडे याद्यांबद्दल शंभर तक्रारी असल्या तरी मतदाराला आपले नाव फोनवर शोधता येते. ही सोय किती मोलाची आहे ते ब्रिटनकडे पाहिले की कळते.

घराच्या यादीतून माणूस वेगळा काढायची ही लढाई भारताने पहिल्याच निवडणुकीत लढली होती. १९५१-५२च्या याद्या करताना लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढीच ओळख त्यांनी दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख महिलांची नावे गेली. त्या एका निवडणुकीपुरता तो मोठा अन्याय होता, पण पुढे बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या त्या या आग्रहामुळेच. मला सेन यांचा निर्णय बरोबर वाटतो, कारण नावे कापून ते थांबले नाहीत. घरोघर जाऊन यादी करण्याची जबाबदारी शासनाकडेच राहिली. नावे वगळण्याचा प्रश्न अलीकडे पुन्हा उभा राहिला: बिहारमध्ये २०२५ला झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात ७ कोटी ८९ लाखांच्या यादीतून प्रारूप याद्यांत ६५ लाख नावे कमी झाली. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला आदेश दिला की ही नावे कारणांसह जाहीर करा. नंतर आधार कार्डही पुरावा म्हणून घ्यायला सांगितले. अंतिम यादी ७ कोटी ४२ लाखांची झाली. वगळलेल्या नावांची यादी कारणांसह चव्हाट्यावर लावणे हा नियम प्रत्येक देशाने उचलावा असा आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१५ला गळालेल्यांची अशी जाहीर यादी लागली असती तर चर्चेचा नूरच बदलला असता.

ब्रिटनने २०२०पासून वार्षिक पडताळणी बदलली. आधी सगळी यादी सरकारी दप्तराशी ताडतात. जिथे काही बदललेले दिसत नाही त्या घरांना नुसती सूचना जाते, आणि वाचलेला पैसा व माणसे उरलेल्या घरांकडे वळवतात. ही सुधारणा चांगली आहे, पण पाऊल अर्धेच पडले. दप्तर पाहून नोंद तपासता येते. त्याच दप्तरातून राहिलेला माणूस शोधून घालता का येत नाही? ऑस्ट्रेलिया २०१२पासून तसे करतो: वाहन परवाना वा इतर सरकारी नोंदींवरून पात्र माणूस दिसला की त्याला कळवून त्याचे नाव घालतात, आणि तिथे पूर्णता ९७ टक्क्यांच्या वर गेली आहे. मतदान सक्तीचे असल्याचाही तो परिणाम आहे, हे खरे; तरी ब्रिटनच्या आकड्यापुढे तो ठळक दिसतो.

वेल्सच्या विधिमंडळाने २०२४मध्ये कायदा करून स्वयंचलित नोंदणीचा मार्ग खुला केला आणि २०२५मध्ये तिथल्या काही कौन्सिलांनी त्याचे प्रयोग केले. जुलै २०२५मध्ये लंडनच्या सरकारनेही सोळाव्या वर्षी मताधिकाराबरोबर त्याच दिशेने जाण्याचे जाहीर केले. इथे दोन गोष्टींना जपले पाहिजे. नवऱ्याच्या मारहाणीतून पळून लपून राहणाऱ्या बाईचा पत्ता कुणी तिला न विचारता यादीत छापला तर तिच्या जिवावर बेतेल. अनामिक नोंदणीची सोय ब्रिटनमध्ये आहे आणि २०१८मध्ये ती अधिक सुलभही झाली, पण नाव आपोआप घालण्याआधी ही निवड करायला सवड मिळालीच पाहिजे. दुसरे, मताधिकार नसलेल्या परदेशी रहिवाशाचे नाव सरकारच्या चुकीने यादीत गेले आणि त्याने भाबडेपणाने मत दिले तर त्याच्या व्हिसावर गदा येता कामा नये. चूक ज्या कार्यालयाची, जबाबदारी त्याची, असे कायद्यात स्पष्ट लिहिले पाहिजे. या दोन तरतुदींसह दप्तरातून नावे घालायला सुरुवात केली तर यादीबाहेरच्या सत्तर-ऐंशी लाखांपैकी मोठा हिस्सा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीआधी आत येऊ शकतो, आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेत भाडेकरूंच्या वस्त्यांना त्यांच्या माणसांइतके वजन मिळेल.